होणारी बायको परराष्ट्र सेवेत, माझा दवाखाना इंदूरात

वाचकाचं पत्र, थोडक्यात : इंदूरचे एक दंतवैद्य, वय २९, आई-वडिलांचे एकुलते एक. चार वर्षांपूर्वी कर्ज काढून स्वतःचं क्लिनिक टाकलं, आता कुठे जम बसतोय. साखरपुडा झाला आहे. होणारी पत्नी यंदा नागरी सेवा परीक्षेत उत्तीर्ण झाली आणि तिला भारतीय परराष्ट्र सेवा मिळाली. ऑगस्टअखेर ती प्रशिक्षणासाठी मसुरीला जाईल. घरात दोन तट आहेत. आई म्हणते, "राजदूताचा नवरा होशील, मग दात कोरत कशाला बसतोस?" आत्या म्हणते, हा तर घरजावई, तोही विमानाने फिरणारा. बाबांचं मत असं की तिने पुन्हा परीक्षा देऊन आयएएस व्हावं, म्हणजे इकडेच नेमणूक मिळेल. क्लिनिकला गिऱ्हाईक आलं आहे. प्रश्न तीन : क्लिनिक विकून टाकू का? तिला पुन्हा परीक्षेला बसायला सांगू का? आणि आई-बाबांचं काय?

नमस्कार,

तुमच्या घरी सगळे राजदूताच्या नवऱ्याविषयी बोलत आहेत. ती राजदूत होईलही. सेवेत टिकलेल्या बहुतेक अधिकाऱ्यांना कुठल्या ना कुठल्या देशात ते पद मिळतं. पण साधारण पंधरा ते वीस वर्षांच्या नोकरीनंतर, आणि पहिला दूतावास बहुधा लहानसाच असेल. तोवर तुम्ही पन्नाशीला टेकलेले असाल. आत्ता तुमचं लग्न होतंय ते एका प्रशिक्षणार्थीशी, आणि वर्ष-दीड वर्षात ती होईल थर्ड सेक्रेटरी. मग सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, काउन्सेलर, मिनिस्टर (मंत्री नव्हे, दूतावासातलंच वरचं पद) आणि त्यानंतर राजदूत. राष्ट्रकुलातल्या देशात नेमणूक झाली तर तेच पद उच्चायुक्त म्हणवतं. मधली काही वर्षं दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात जातील, तिथे हीच शिडी अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी, डायरेक्टर, जॉइंट सेक्रेटरी अशी चढते.

जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस इंदूरला भरला, त्याच वर्षी जुलैत जी-२० च्या कामगार मंत्र्यांची बैठकही इथे झाली. घरातलं राजदूताचं चित्र बहुधा तिथूनच आलं असावं : झेंडा लावलेली गाडी, बंद गळ्याचा कोट, पुष्पगुच्छ. अशा समारंभात मागच्या दाराशी गाड्यांच्या क्रमाचा कागद घेऊन, कुणाचं सामान कुठल्या हॉटेलात गेलं याची फोनवर चौकशी करत उभे असलेले तरुण अधिकारी कुणाच्या नजरेत भरत नाहीत. तिची पहिली दहा वर्षं त्या बाजूची आहेत. दूतावासात तिच्या वाट्याला व्हिसा आणि पासपोर्टची खिडकी येईल, तुरुंगात अडकलेल्या भारतीयाला भेटणं येईल, परदेशात वारलेल्या मजुराचं शव गावी पाठवण्याची कागदपत्रं येतील, व्यापाराची टिपणं येतील, मंत्र्यांच्या दौऱ्याची मिनिटा-मिनिटाची आखणी येईल. यातलं बरंचसं काम रात्री-अपरात्री फोन वाजला की सुरू होतं. नवऱ्याने गृहीत धरायचं आहे ते हे वेळापत्रक.

आता बाबांचा तोडगा. पगाराच्या दृष्टीने दोन्ही सेवा एकाच पायरीवर सुरू होतात, सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १० वर, मूळ वेतन ५६,१०० रुपये. अडचण नियमाची आहे. आयएएस किंवा परराष्ट्र सेवेत नेमणूक होऊन जो त्या सेवेचा सदस्य आहे, त्याला नागरी सेवा परीक्षेला पुन्हा बसता येत नाही. 'आधी रुजू हो, पुढच्या वर्षी बघू' हा मार्ग बंद आहे. पुन्हा बसायचं तर हातची जागा सोडायची आणि पूर्व, मुख्य, मुलाखत या तिन्ही पायऱ्या नव्याने चढायच्या. तिच्या वर्षाच्या अधिसूचनेत हे छापलेलं आहे, बाबांना ते पान वाचायला द्या. आणि समजा जमलंच, तरी आयएएसमध्ये मध्य प्रदेश केडर, म्हणजे नेमणुकीचं राज्य म्हणून मध्य प्रदेश, मिळेल याची हमी कोण देणार? नागालँडही मिळू शकतं, आणि तिथून इंदूर काही शेजारी नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पत्रात कुठेच नाही. सेवांचा पसंतीक्रम उमेदवार स्वतः भरतो, आणि गुणवत्ता यादीतलं स्थान नि तो क्रम यावरून सेवा ठरते. तिने परराष्ट्र सेवा कितव्या क्रमांकावर लिहिली होती, हे तुम्ही विचारलंय का? पहिल्या क्रमांकावर लिहिली असेल तर तुमच्या घरी चाललेली चर्चा एका ठरवून घेतलेल्या निर्णयाला अपघात समजून चालली आहे. आयएएस पहिलं लिहून हे दुसरं मिळालं असेल तर तिच्याही मनात थोडी रुखरुख असू शकते, आणि मग बोलणं वेगळं होईल. पण पुन्हा परीक्षा द्यायची का हा प्रश्न तिचा आहे. तुम्ही तो मांडलात तर तिला तो प्रश्न न वाटता अट वाटेल.

आत्याच्या टोमण्यावर एवढंच. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये रुजू झाल्या. त्यांच्या काळात महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि लग्नानंतर राजीनामा मागण्याची मुभा सरकारला होती. मुथम्मा पुढे हंगेरीत राजदूत झाल्या, आणि नियमांतल्या या भेदभावाविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला त्या निकालात खडे बोल सुनावले. नियम बदलले, आत्या बदलायला वेळ लागेल. परराष्ट्र सेवेतल्या पुरुषांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या सोडून बरोबर गेल्या, त्यांना कुणी काही नाव ठेवलं नाही.

आता क्लिनिक. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलं आहे : 'तिकडेही दातांचे डॉक्टर लागतातच.' लागतात, पण तुम्ही तिकडे ते होऊ शकाल का, हे दोन वेगळ्या कुलपांवर अवलंबून आहे.

पहिलं कुलूप राजनयिक दर्जाचं. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं ४२ वं कलम राजनयिक अधिकाऱ्याला यजमान देशात स्वतःच्या फायद्यासाठी व्यवसाय करायला मनाई करतं. जोडीदाराला काम करता येईल का, हे त्या देशाच्या कायद्यावर आणि भारताचा त्या देशाशी अवलंबित कुटुंबीयांच्या रोजगाराबद्दल करार आहे का यावर ठरतं. असे करार बऱ्याच देशांशी आहेत, सगळ्यांशी नाहीत. करार असला तरी आपोआप काही होत नाही. आधी आपल्या मंत्रालयाची संमती, मग दूतावास यजमान देशाच्या शिष्टाचार विभागाला लेखी विनंती पाठवतो, मग त्यांची परवानगी. कमाईवर कर स्थानिक. परवानगी तिच्या नेमणुकीबरोबर संपते. आणि दंतवैद्याने नीट वाचावी अशी अट म्हणजे, अशा कामातून उद्भवलेल्या दिवाणी दाव्यांपुरतं राजनयिक संरक्षण लागू राहत नाही. चुकीची दाढ काढली तर बायकोचा पासपोर्ट तुम्हाला वाचवणार नाही.

दुसरं कुलूप परवान्याचं, आणि ते जास्त जड आहे. अमेरिकेत भारतीय बीडीएसवर, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीवर, थेट दवाखाना टाकता येत नाही. बहुतेक राज्यांत तिथल्या दंत महाविद्यालयात दोन ते तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो, फी अवाढव्य, शिवाय राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिलची परदेशी पदवीधरांसाठीची दोन भागांची ओआरई परीक्षा असते, आणि तिच्या जागा मिळणं हेच एक काम आहे. आखातात कागदपत्रांची पडताळणी आणि संगणकावरची परीक्षा, म्हणजे तुलनेने सोपं. बाकी देशांत स्थानिक भाषेची परीक्षाही आडवी येते. नेमणूक असते साधारण तीन वर्षांची, कठीण ठिकाणी त्याहून कमी. परवाना हातात पडेपर्यंत सामान बांधायची वेळ येते, आणि पुढच्या देशात त्या परवान्याला कुणी विचारत नाही. म्हणून 'तिकडे प्रॅक्टिस करीन' हे गणितात धरूच नका. जमलं तर वरकमाई समजा.

लॅपटॉपवरून इंदूरच्या रुग्णांचं काम बघीन, असंही अनेकांना वाटतं. लॅपटॉपवरचं कामही कामच. यजमान देशात बसून पैसे कमावणं तिथल्या नियमांत बसतं का, हे प्रत्येक नेमणुकीच्या वेळी दूतावासाच्या प्रशासन शाखेला लेखी विचारायचं. तोंडी 'सगळे करतात' यावर जाऊ नका, अडचण आली की नाव तिचं खराब होतं.

मग क्लिनिक विकायचं का? मला वाटतं, आत्ता तर नाहीच. कारण तिचं वेळापत्रक पाहा.

मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम साधारण १५ आठवड्यांचा. तिथून दिल्ली, सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत. तिथलं प्रशिक्षण एका जागी बसून होत नाही : सैन्यदलाबरोबरचा काळ, जिल्ह्यातला काळ, भारत दर्शन, एखाद्या दूतावासातली थोडक्यात ओळख. त्यानंतर काही महिने मंत्रालयात टेबलवर. या सगळ्या काळात तुम्ही बरोबर राहून तिला उपयोग नाही आणि तुम्हालाही नाही. ती शनिवार-रविवार मोकळी असेल तेव्हा रात्रीच्या गाडीने दिल्ली गाठता येते.

याच टप्प्यावर तिला एक सक्तीची परदेशी भाषा ठरवून दिली जाते, आणि तुमचं पहिलं घर त्या भाषेवरून ठरेल. अरबी मिळाली तर बहुधा कैरो किंवा आसपास, चिनी मिळाली तर बीजिंग, रशियन मिळाली तर मॉस्को, स्पॅनिश असेल तर माद्रिद किंवा लॅटिन अमेरिकेतलं एखादं शहर. भाषा वाटताना तिची पसंती, यादीतलं स्थान आणि मंत्रालयाची गरज तिन्ही बघितलं जातं. त्या देशात ती थर्ड सेक्रेटरी म्हणून जाईल, भाषेच्या वर्गात बसेल आणि ठरलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच सेवेत कायम होईल. अरबी, चिनी, रशियन यांना फ्रेंच-स्पॅनिशपेक्षा जास्त वेळ लागतो. बायको घरी बसून चिनी अक्षरं घोटते आहे आणि नवरा 'आज कुठे फिरायला जायचं' विचारतो आहे, या वर्षातली भांडणं अशीच होतात. तुम्हीही तीच भाषा शिका. घरमालक, भाजीवाला आणि नळ दुरुस्त करणारा यांच्याशी बोलण्यापुरती तरी.

म्हणजे पहिली सुमारे दीड वर्षं क्लिनिक तुम्हीच चालवायचं आहे. गिऱ्हाईकाची घाई ही त्याची घाई आहे, तुमची नाही. या काळात एखादा होतकरू सहकारी दंतवैद्य टक्केवारीवर घ्या आणि रुग्णांना हळूहळू त्याची सवय लावा. करार लिहून ठेवा : रुग्णांच्या नोंदी कुणाच्या, लॅबची बिलं कोण भरणार, खुर्ची बिघडली तर खर्च कुणाचा, आणि तो सोडून गेला तर जवळच किती दिवस दुकान थाटणार नाही. क्लिनिकची नोंदणी, जैव-वैद्यकीय कचऱ्याचा करार आणि एक्स-रे यंत्राची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंद बहुतेक तुमच्या नावावर असेल. तुम्ही देशाबाहेर असताना जबाबदार व्यक्ती कोण हे त्या कागदांवर दिसायला हवं. कर्जाचा हप्ता सहकाऱ्याच्या कमाईतून निघतो का, हे सहा महिने प्रत्यक्ष चालवून बघा. निघत नसेल तर विका, तेव्हा तुमच्याकडे चालत्या क्लिनिकचे आकडे असतील आणि भावही बरा येईल.

सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे कुलूप लावून जाणं. खुर्चीच्या पाण्याच्या नळ्यांत जंतूंचा थर बसतो, कॉम्प्रेसरमध्ये ओल राहून गंज धरतो, ऑटोक्लेव्हचं (उपकरणं निर्जंतुक करण्याच्या यंत्राचं) रबर कडक होतं, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मरतात. तीन वर्षांनी परत येऊन जो खर्च होईल त्यात नवी खुर्ची आली असती. आणि रुग्ण तर केव्हाच समोरच्या गल्लीत गेलेले असतात.

तुमच्या वयाला साजेसा आणखी एक रस्ता आहे, तो पत्रात नाही. नीट-एमडीएस ही प्रवेश परीक्षा देऊन दंतवैद्यकाचं तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. तिचं प्रशिक्षण आणि भाषेचा काळ मिळून जवळजवळ तेवढाच होतो. यात पहिल्या पोस्टिंगला तुम्ही सुट्टीपुरतेच जाल, हा तोटा मोठा आहे आणि नव्या लग्नात तो बोचेल. फायदा असा की ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजीसारखी शाखा घेतली तर सीबीसीटी स्कॅनचं (दात-जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेचं) वाचन दुरूनही करता येतं, आणि दिल्लीत तिची मंत्रालयात नेमणूक असेल तेव्हा महाविद्यालयात शिकवण्याची दारं उघडतात. साधारण दोन परदेशी नेमणुकांनंतर एक दिल्लीची, असा या सेवेचा फेरा असतो. म्हणजे साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत अंदाजे दोन-तृतीयांश काळ बाहेर. तुमचं करिअर दिल्लीच्या त्या तीन-तीन वर्षांभोवती उभं करता येतं, इंदूरच्या एका जागेभोवती उभं करणं अवघड आहे. हे कडू वाटेल. पण लग्नानंतर पाच वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

पैशाचं चित्र घरच्यांना सांगताना जरा जपून. परदेशात तिला पगाराशिवाय परदेश भत्ता मिळतो, सुसज्ज घर सरकारतर्फे असतं, बदलीचा प्रवासखर्च मिळतो, मुलांच्या शाळेसाठी मदत असते, आजारपणासाठी वैद्यकीय योजना असते. राहणीमान चांगलं असतं. पण दोन कमाया होत्या तिथे एकच उरते, आणि भत्ता दिल्लीत परतलात की बंद. परदेशातल्या खर्चाची सवय घेऊन दिल्लीत येणारी जोडपी पहिल्या वर्षी गडबडतात. तुमच्या नावावर स्वतंत्र गुंतवणूक चालू राहील आणि क्लिनिकचं उत्पन्न, थोडं का असेना, तुमच्याच खात्यात येईल असं बघा. दर महिन्याला बायकोकडे पैसे मागायची वेळ येणं कुणालाच, म्हणजे वर्षानुवर्षं हे करत आलेल्या बायकांनाही, आवडत नाही.

आई-बाबांबद्दल तुम्ही शेवटी आणि एकाच ओळीत लिहिलंय, पण झोप त्यानेच उडाली असावी असं वाटतं. परराष्ट्र सेवेचे पगार, रजा आणि भत्त्यांचे १९६१ चे नियम आहेत, अधिकारी त्यांना पीएलसीए म्हणतात. कुटुंबात कोण मोडतं, अवलंबित आई-वडिलांसाठी काय मिळतं, मायदेशच्या सुट्टीचा प्रवासखर्च किती वेळा, घरी कुणी गंभीर आजारी असेल तर काय, हे सगळं त्यात आहे. मसुरीला जाण्याआधी दोघांनी बसून ती प्रकरणं वाचा. तिचे आई-वडीलही त्याच यादीत आहेत, हे विसरू नका.

नियमांत न बसणारं तुम्हीच उभं करायचं. आई-बाबांचा आरोग्य विमा ते धडधाकट आहेत तोवर घ्या, आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. एका खात्यात आणीबाणीचे पैसे आणि बाबांच्या सहीचा अधिकार. घराजवळच्या एका फॅमिली डॉक्टरशी आत्ताच बोलणं. इंदूरात नात्यातलं, रात्री दोनला धावेल असं कुणीतरी नक्की करा, आणि त्यांना ते आधी सांगा. काही ठिकाणी कुटुंब नेताच येत नाही, काबूल हे त्याचं उदाहरण. काही ठिकाणी जाता येतं पण घाईने परत यावं लागतं : २०१५ मध्ये येमेन, २०२२ मध्ये युक्रेन, २०२३ मध्ये सुदान. अशा वेळी कुटुंबं आधी निघतात, अधिकारी मागे राहतात. इंदूरचं घर तेव्हा तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून ते भाड्याने देऊन मोकळं होण्याची घाई नको.

एक गोष्ट स्पष्ट विचारतो. पाच-सात वर्षांत मूल झालं की ती कंटाळून सोडेल, अशी आशा मनात कुठे आहे का? महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी एकूण ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते, तिच्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी मुलं वाढवून दूतावास चालवले आहेत, आणि पुढे एखाद्या देशाने तिच्या नावाला संमती दिली की राष्ट्रपतींच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन ती तिथल्या राष्ट्रप्रमुखांसमोर उभी राहील. ती सोडणार नाही असं धरूनच निर्णय घ्या. तशी आशा असेल तर साखरपुड्यानंतरही बोलायला उशीर झालेला नाही. तशी आशा नसेल, तर बाकीचं सगळं नियोजनाचं काम आहे आणि ते होतं.

तारखेचा विचार करत असाल तर लग्न मसुरीच्या आधी उरकण्याचा अट्टहास नको. पायाभूत अभ्यासक्रम आणि दिल्लीचं प्रशिक्षण यांच्यामध्ये किंवा भाषेच्या पोस्टिंगआधी मुहूर्त बघितला तरी चालेल, मात्र रजेबद्दल तिने संस्थेला विचारून मग हॉल बुक करा. लग्न झाल्यावर लगेच नगर निगममध्ये विवाह पंजीयन करून घ्या. त्या दाखल्याशिवाय तिच्या सेवा नोंदीत तुमचं नाव चढत नाही आणि राजनयिक पासपोर्टही अडतो. तो पासपोर्ट घेताना साधा पासपोर्ट जमा करावा लागतो, दोन्ही एकदम जवळ ठेवता येत नाहीत. बीडीएसची पदवी, गुणपत्रिका आणि दंत परिषदेचं नोंदणीपत्र यांचं राज्यस्तरीय प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) इथे असतानाच करून घ्या, परदेशातून हे काम कुरिअरने करताना महिने जातात. परिषदेची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहा. आणि आधार, पदवी, पासपोर्ट, विवाह दाखला या चारींवर तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का तेवढं आजच तपासा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लिहायची पद्धत आहे, इंदूरच्या कागदांवर ते कधी असतं, कधी नसतं, आणि व्हिसाच्या अर्जात गाडी नेमकी तिथेच अडते.